वारा बघून येणारा वास

१

चोरी कशाची झाली होती, तर जिवाणूंच्या जेवणाची. हसू नका. मुख्य कार्यालयात तक्रार वाचून सगळे पोट धरून हसले आणि हसून झाल्यावर प्रकरण माझ्या गळ्यात घालून मोकळे झाले. डिझेल, तांब्याची तार, एकदा तर अख्खा पंप, असल्या चोऱ्या शोधण्यात माझी उभी हयात गेली. कुणाच्या ताटातलं पळवलं म्हणून चौकशीला निघायची ही पहिलीच वेळ.

बुधवारी सकाळी सांडपाणी केंद्राच्या फाटकातून आत शिरले, तर तिथे कुणीच हसत नव्हतं. व्यवस्थापक साहेब रुमालाने मान पुसत सामोरे आले.

"मॅडम, खालच्या गावाने नदीतून पाणी उचलणं बंद केलंय. आपण शुद्ध करून सोडतो त्या पाण्यात नायट्रेट वाढलं. तान्ह्या बाळांना असलं पाणी घातक. गाव टँकरवर आलंय आणि शिव्या आम्ही खातोय."

"आणि चोरी?"

"ते आमची केमिस्ट सांगेल. चौकशीचा हट्ट तिचाच." साहेबांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू? चोरीबिरी काही नाही. पोरीचा प्रयोग फसलाय आणि तिला ते पचत नाहीये. शनिवारी मी पुन्हा मिथेनॉलचा टँकर मागवलाय. तुमचं काय ते त्याच्या आत उरका."

मला कुणी उरका म्हटलं की माझं डोकं फिरतं. घाई करणाऱ्या माणसाकडे काहीतरी लपवण्यासारखं असतं, हा माझा अनुभव आहे. साहेबांचं नाव मी मनातल्या यादीत पहिलं टाकलं.

केमिस्ट तिशीच्या आतबाहेरची होती. बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, डोळ्यांखाली काळं. मला थेट टाकीवर घेऊन गेली. पोहायच्या तलावाएवढी उघडी टाकी, आत चॉकलेटी पाणी, आणि ते संथ घुसळणारी एक मोठी फिरकी.

"सांडपाण्यात नायट्रेट असतं," ती म्हणाली. "ते काढायला ही टाकी. हिच्यात हवा सोडायची नाही. हवा मिळाली नाही की जिवाणू नाइलाजाने नायट्रेट फोडतात आणि त्यातला ऑक्सिजन ओढून घेतात. उरलेला नायट्रोजन वर उडून जातो. पण एवढं काम उपाशीपोटी कोण करणार? त्यांना खायला द्यावं लागतं. आधी आम्ही मिथेनॉल द्यायचो. आता मी जॅमच्या कारखान्यातली कढया धुतलेलं गोड पाणी देते. त्यांना ते फेकायचंच असतं."

"आणि हवा दिली तर?"

"तर नायट्रेटकडे ढुंकूनही बघणार नाहीत. हवा फुकट मिळत असताना कष्ट कोण करेल? गोड पाणी खाऊन टाकतील आणि नायट्रेट तसंच पुढे जाईल. म्हणून तर हा ऑक्सिजनचा मीटर लावलाय." तिने खांबावरच्या डबीकडे बोट दाखवलं. आकडा शून्य होता. "कधीही बघा, शून्य. मी सगळ्यात आधी तेच तपासलं. म्हणजे राहिलं एकच. त्यांना खायलाच कमी पडतंय. टँकरमधलं गोड पाणी वाटेत कुणीतरी काढून घेतंय आणि साधं पाणी भरतंय. मी डोस वाढवला, परत वाढवला, तरी नायट्रेट चढतंच आहे."

"मिथेनॉलचं काय वाकडं होतं?"

"ते पेट घेतं," ती एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून चालायला लागली.

टाकीच्या कठड्याला टेकून एक म्हातारा ऑपरेटर उभा होता. डावा हात खिशात. केमिस्ट जवळून जाताना म्हणाली, "मामा, फिरकीचा पट्टा बघून घ्या." तो मान डोलावून कामाला लागला. पण जाताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं की त्यालाही मी यादीत घेतलं.

२

ड्रायव्हरला विचारायला गेले तर तो अंगावरच आला.

"बाई, वीस वर्षं दूध वाहिलं मी, तेव्हा पाणी घातलं नाही. आता लोकांच्या कढयांचं धुवण वाहतोय, त्यात घालू?" त्याने टँकरचा नळ सोडला आणि माझ्यासमोर पेला धरला. "चाखा."

मी बोट बुडवून चाखलं. कुणी मला भेकड म्हणू नये म्हणून सांगते, बरोबर चाखलं. गोडमिट्ट होतं. बोटं एकमेकांना चिकटली ती साबण लावेपर्यंत सुटली नाहीत. हा टँकर माझ्यासाठी सजवून आणला असेल म्हणून मी जिथून गोड पाणी टाकीत पडतं त्या नळीपाशी गेले. नळीच्या तोंडाशी गांधीलमाश्यांचा घोस लटकत होता आणि खालचं सिमेंट गेल्या कित्येक दिवसांच्या पाकाने काळंभोर झालं होतं. साध्या पाण्यावर गांधीलमाश्या जीव टाकत नाहीत. माल टाकीपर्यंत पोचत होता.

साहेबांच्या खोलीत आणखी एक गृहस्थ चहा पीत बसले होते. मिथेनॉलचे पुरवठेदार. ज्याचा धंदा एका पोरीने बंद पाडला, तो माणूस तिच्या ऑफिसात असा घरच्यासारखा बसलेला बघून मला बरं वाटलं. संशय घ्यायला अशी माणसं सोयीची असतात.

"तुम्ही आतमध्ये मोकळे फिरता?" मी विचारलं.

"ऑफिसपर्यंत. टाकीकडे गेलो तर ती पोरगी मला आत ढकलेल." तो हसला. "मॅडम, मला काही करायची गरजच नव्हती. गेल्या महिन्यात हिच्या गोड पाण्याचा असा आंबूस वास सुटला की भिंतीपलीकडच्या वसाहतीने फाटकावर मोर्चा आणला. बायका नाकाला पदर लावून आल्या होत्या. विचारा साहेबांना."

साहेब म्हणाले, "खरं आहे. मी तेव्हाच सगळ्यांना बजावलं होतं. वासाची आणखी एक तक्रार आली तर प्रयोग बंद, मिथेनॉल चालू."

"आली का तक्रार?"

"नाही. त्यानंतर एकही नाही."

"आणि नायट्रेट कधी वाढलं?"

साहेब विचारात पडले. "त्यानंतरच. जरासं पुढेमागे."

संध्याकाळी केमिस्टकडून मी टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची साखर तपासून घेतली. तिने नळी प्रकाशात धरली, परत तपासली, आणि गोंधळून माझ्याकडे बघितलं.

"साखर उरलेलीच नाही."

"म्हणजे आत गेली आणि कुणीतरी खाल्ली," मी म्हटलं. "उपाशी कुणी नाही इथे. खाऊनपिऊन सगळे कामचुकार झालेत."

तिची चोरीची कल्पना तिच्या हातातच फुटली होती आणि दुसरी कल्पना तिच्याकडे नव्हती. किंवा होती आणि ती मला सांगत नव्हती.

३

माझी राहायची सोय त्या भिंतीपलीकडच्या वसाहतीतल्या विश्रामगृहात होती. खिडकी केंद्राच्या बाजूची. वारा सरळ टाकीवरून येऊन पडदा फुगवत होता. मी खोल श्वास घेतला, परत घेतला. धुतलेल्या चादरीचा वास आला, बाकी काही नाही.

"आता काही येत नाही हो वास," विश्रामगृह सांभाळणाऱ्या बाई अंथरूण घालता घालता म्हणाल्या. "मागे मात्र नको जीव झाला होता. मोर्च्यात मीच पुढे होते. मग मामांनी शब्द दिला की परत येणार नाही म्हणून. नाही आला बघा."

"ऑपरेटर मामांनी? त्यांनी कशाला शब्द द्यायचा?"

"अहो, लेकीसाठी. तिचंच काम ना ते."

मी उशी खाली ठेवली. "कोण लेक?"

"केमिस्ट. त्यांचीच मुलगी ती. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

नाही. मला कुणीही सांगितलं नव्हतं. साहेबांनी नाही, त्या मुलीने नाही, म्हाताऱ्याने तर तोंडच उघडलं नव्हतं. आणि दिवसभर ती सगळ्यांदेखत स्वतःच्या बापाला मामा म्हणून हाक मारत होती. मला सख्ख्या बहिणीवरसुद्धा पटकन विश्वास बसत नाही, ही तर परकी माणसं. त्या रात्री मला बापलेकींचा चांगलाच राग आला.

गुरुवारी सकाळी मी तडक केंद्रावर गेले. केमिस्ट सापडेना म्हणून टाकीला वळसा घालून नदीच्या बाजूला गेले आणि तिथेच थबकले. काय तो वास. फळं आठवडाभर डब्यात कोंडून ठेवावीत आणि मग झाकण उघडावं, तसा आंबट, कुजका भपकारा. मी पदर नाकाशी धरला आणि मागे वळले, तर केमिस्ट समोर उभी.

"आज नायट्रेट उतरलंय," ती उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाली. "का ते कळत नाही, पण मधूनच असा एखादा चांगला दिवस येतो."

"ते राहू दे. मामा तुझे वडील आहेत."

तिचा चेहरा पडला. तुम्हीवरून मी तूवर आले ते तिलाही कळलं.

"आहेत. लपवलं नाही मी. इथे सगळेच त्यांना मामा म्हणतात. मी बाबा म्हणायला लागले की साहेब म्हणणार, बापलेकींचं संगनमत. म्हणून आम्ही ठरवून टाकलंय. कामावर घर नाही आणि घरात काम नाही. घरी टाकीचं नावसुद्धा काढायचं नाही."

"त्यांच्या हाताला काय झालंय?"

तिने फिरकीकडे नजर वळवली. "मिथेनॉल. भर दुपारी पंपाच्या खोलीत गळती होऊन पेटलं. त्याची ज्वाळा उजेडात दिसत नाही. बाबांनी नळ बंद करायला हात घातला तो आगीत घातला, आणि भाजायला लागल्यावर त्यांना कळलं आग लागलीय. मी तेव्हा कॉलेजात होते. इथे नोकरी लागली त्या दिवशी ठरवलं, हे इथून हाकलायचं. हे जमलं नाही ना, तर शनिवारी तीच खोली परत भरेल. त्या खोलीत कुणीतरी उभं राहणार. बाबा राहतील, नाहीतर दुसरं कुणी."

ती रडली नाही. पण मी बायकांना ओळखते. ही खोटं बोलत नव्हती. त्यामुळे माझी पंचाईतच झाली, कारण मग संशय घ्यायला उरलं कोण?

निघताना माझं लक्ष वर गेलं. क्लोरीनच्या खोलीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी लाल कापडी पिशवी असते. गॅस गळला तर कुठे पळायचं ते कळावं म्हणून. ती पिशवी आज नदीकडे शेपूट करून फुगली होती. काल मी खिडकीत उभी होते तेव्हा वारा वसाहतीकडे होता.

म्हणजे वारा लोकांकडे असला की वास नाही, आणि लोकांपासून लांब गेला की वास. मी आयुष्यात बरीच सभ्य माणसं पाहिली, पण माणसं बघून येणारा सभ्य वास पहिल्यांदाच पाहिला.

४

शुक्रवारी सकाळी वारा नदीकडेच होता. वास होता. मी केमिस्टला विचारलं, नायट्रेट कसं आहे? उतरलेलं. आणि बुधवारी, मी आले तेव्हा? चढलेलं. वास येतो तेव्हा टाकी चांगलं काम करते, आणि वास जातो तेव्हा टाकी बिघडते. दोन्ही वाऱ्यावर चालतं. जिवाणूंना वाऱ्याची दिशा कळत नाही. ती कळणारा प्राणी एकच, आणि त्याला पगार मिळतो.

"वास घालवायचा असेल तर तुम्ही लोक काय करता?" मी तिला विचारलं.

"हवा सोडतो. या धंद्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. वास आला की हवा द्या." मग ती स्वतःच दचकली. "पण या टाकीत हवा नाहीये. मीटर शून्य आहे. मी रोज बघते."

"माझ्या बहिणीला चार मुलगे आहेत. तिच्या घरात बिस्किटांचा डबा कधीही उघडा, रिकामाच. म्हणून ती बिस्किटं आणतच नाही असं म्हणायचं का?"

तिने परत मीटरकडे पाहिलं. मग हळूच खाली बसली, टाकीच्या पायरीवर.

"जिवाणू हवा येईल तशी खाऊन टाकतायत," ती पुटपुटली. "एवढी साखर मिळाल्यावर हवा पाण्यात उरेलच कशी. आली की संपली. मीटर शून्यच दाखवणार. आणि मी तेवढं बघून निर्धास्त राहिले."

"हवा येईल कुठून?"

"ही टाकी फार पूर्वी हवेचीच होती. साहेब यायच्या आधी, माझ्याही आधी. तळाला जुने पाइप आहेत अजून. व्हॉल्व्ह बंद करून टाकलेत."

ते व्हॉल्व्ह टाकीच्या मागच्या बाजूला, झुडपात होते. ओळीने गंजलेली चाकं, कोळ्यांची जाळी. शेवटच्या चाकावर जाळं नव्हतं. मी दांड्यावरून बोट फिरवलं. ताजं ग्रीस. नुसतं लावलेलं नव्हतं, जास्तीचं नीट पुसूनही काढलेलं होतं.

आता बघा. टाकी बिघडवायला कुणी चोरून आला असता तर जोर लावून चाक फिरवलं असतं आणि पळाला असता. गंजलेल्या चाकाला ग्रीस घालून, ते पुसून ठेवणारा माणूस टाकीचा शत्रू नव्हे. पुरवठेदार टाकीपर्यंत येत नाही. ड्रायव्हर नळीपाशी टँकर रिकामा करून जातो. साहेबांना या चाकांचा पत्ताच नव्हता, आणि त्यांच्या बुटांना ग्रीस तर सोडाच, धूळही लागलेली मी पाहिली नव्हती. टाकी हवेची होती तेव्हापासून इथे असलेला माणूस एकच होता.

मी केमिस्टकडे पाहिलं. तिलाही ते समजलं होतं आणि समजून घ्यायचं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "ते असं करणार नाहीत. ते मला सांगतील."

"घरात काम नाही ना तुमच्या?" मी म्हटलं. म्हटल्यावर वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला.

मी तिला प्रयोगशाळेत पाठवलं आणि स्वतः झुडपाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले. गुडघे दुखत होते, डास चावत होते. दुपार कलली तशी कापडी पिशवी ढिली पडली, जरा वेळ मरगळून लटकली, आणि मग दुसऱ्या बाजूने फुगायला लागली. वारा वसाहतीकडे वळला.

पावलं वाजली. म्हाताऱ्याने आधी मान वर करून पिशवीकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडे वसाहतीच्या खिडक्यांकडे, आणि उजव्या हाताने शेवटचं चाक धरलं.

"राहू द्या, मामा," मी म्हटलं.

५

ते पळाले नाहीत, दचकलेही नाहीत. चाकावरचा हात काढून पँटला पुसला.

"थोडीच सोडतो," ते म्हणाले. "वास मरेपर्यंत. वारा फिरला की बंद करतो. थोड्याशा हवेने काय होतंय?"

"नायट्रेट वाढतं, मामा. तुमच्या हवेनेच वाढतंय."

"मीटर तर शून्य असतो. मी बघूनच सोडतो. शून्याच्या वर गेला असता तर हात लावला नसता." त्यांनी खिशातला डावा हात बाहेर काढला. बोटं एकमेकांना जुळून घट्ट झाली होती. "मॅडम, साहेब म्हणाले आणखी एक तक्रार आली तर मिथेनॉल. पंपाची खोली परत चालू झाली तर पहिली आत जाऊन बघणार कोण? ही. मी ओळखतो माझ्या लेकीला. ऐकणार नाही कुणाचं."

मागे झुडूप हललं. प्रयोगशाळेत पाठवलेली पोरगी प्रयोगशाळेत गेलीच नव्हती.

"मला विचारायला काय झालं होतं, बाबा?"

म्हाताऱ्याचा चेहरा इतका उतरला की मीच दुसरीकडे बघितलं.

"तू म्हणाली होतीस, माझ्या टाकीला कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही. आणि घरी विषय काढायचा नाही."

"म्हणून गुपचूप लावायचा?" तिचा आवाज चिरकला. "खालच्या गावात बायका घागरी घेऊन टँकरच्या मागे धावतायत. मी रात्ररात्र जागतेय. तुम्ही समोर जेवायला बसून बघत होतात मला. एका शब्दाने बोलला असतात तर."

"तू काळजीत आहेस एवढंच दिसत होतं. मला वाटलं, वासाचीच काळजी आहे. म्हणून आणखी जरा हवा सोडली."

ती काहीतरी तिखट बोलायला गेली आणि मध्येच थांबली. कपाळाला हात लावला.

"आणि मला वाटलं, ते उपाशी आहेत. म्हणून मी आणखी गोड पाणी सोडलं." ती माझ्याकडे वळली. "वास कशाने येतो माहितीये? गरजेपेक्षा जास्त गोड झालं की. सुरुवातीला माझ्याच हातून डोस जास्त पडला, तोच तो मोर्चा. बाबांनी हवा सोडली, नायट्रेट वाढलं. मी गोड वाढवलं, वास वाढला. बाबांनी हवा वाढवली. आम्ही दोघं..."

एकाच घरातली दोन माणसं, एकाच टेबलावर जेवणारी, एकमेकांना वाचवायला निघाली आणि दोघांनी मिळून नदी बिघडवली. मी इतके चोर पकडलेत. त्यांच्यापैकी एकाचीही मला एवढी दया आली नव्हती.

"आता काय करायचं?" मामांनी विचारलं. मला नाही, लेकीला.

"हवा बंद. आणि गोड पाणी कमी करायचं. निम्म्याहून कमी." तिने नाक पुसलं. "वारा वसाहतीकडे आहे, बाबा. रात्रभर असाच राहिला पाहिजे. वास आला नाही आणि नायट्रेट उतरलं, तरच सकाळी काही बोलता येईल."

"आणि आला तर?"

"तर शनिवार आहेच."

६

शनिवारी सकाळी मिथेनॉलचा टँकर फाटकाशी उभा होता. पुरवठेदार साहेबांच्या खोलीत चहा पीत होता. वारा रात्रभर वसाहतीकडे वाहिला होता, आणि विश्रामगृहाच्या बाई मला निरोप द्यायला आल्या तेव्हा त्यांनी वासाचं नाव काढलं नाही. मी मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, कसला वास?

केमिस्टने साहेबांच्या टेबलावर काचेची नळी ठेवली. नायट्रेट दाखवणारा रंग जवळजवळ उतरलेला. "नायट्रेट मर्यादेच्या आत आहे. खालचं गाव पाणी उचलू शकतं."

साहेबांनी नळी उचलून प्रकाशात धरली. "मग झालं काय होतं?"

मी तोंड उघडायच्या आत दारात उभे असलेले मामा पुढे आले. "हवा मी सोडत होतो, साहेब. तिला माहीत नव्हतं."

साहेबांची नजर बापाकडून लेकीकडे गेली. "माहीत नव्हतं? एका घरात राहता तुम्ही. हे संगनमत नाही तर काय आहे? दोघांनाही घरी बसवतो. टँकर आत घ्या रे."

"जरा दमाने," मी म्हटलं. "चौकशीचा हट्ट कुणी धरला होता, साहेब? तुमचेच शब्द आहेत. स्वतःच्या बापाला पकडून द्यायला मुख्य कार्यालयातून माझ्यासारखी बया कोण बोलावून घेईल? तिला ठाऊक असतं तर मी आजही डिझेल शोधत बसले असते. अहवालात मी तेच लिहिणार आहे. तुम्ही टँकर आत घेतलात तर तेही लिहीन."

साहेबांनी रुमाल चुरगाळला. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. शेवटी त्यांनी खिडकीतून हात केला आणि टँकर माघारी वळला. पुरवठेदाराने कप खाली ठेवला आणि कुणाचा निरोप न घेता गेला.

"प्रयोग चालू राहील," साहेब म्हणाले. "पण ज्याने व्हॉल्व्हला हात लावला तो माणूस उद्यापासून या आवारात दिसता कामा नये. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पंपघरात बदली. आजच." त्यांनी तिथल्या तिथे आदेश लिहून कागद केमिस्टपुढे सरकवला. "प्रयोगाची जबाबदारी तुमची. सही तुम्ही करायची."

हे त्यांनी मुद्दाम केलं की नियमच तसा होता, मला आजही सांगता येणार नाही. तिने पेन उचललं आणि तसंच धरून बसली. मामांची सगळी उमर या टाक्यांच्या कडेने गेली होती. हात भाजून बरा झाल्यावर ते परत इथेच आले होते. आणि त्यांना इथून काढणारी सही त्यांच्या पोरीची असणार होती.

"कर," मामा म्हणाले. "तुझ्या जागी मी असतो तर चुकणाऱ्या माणसाला टाकीजवळ उभा केला नसता."

तिने सही केली. कागद साहेबांकडे सरकवला आणि पेनाचं टोपण लावता लावता म्हणाली, "मला आज अर्ध्या दिवसाची रजा हवी आहे."

"आज? टाकी सोडून? कशाला?"

"पंपघर लांब आहे. बाबांना सोडायला जायचंय."

मामा दाराकडे वळले होते ते तिथेच थांबले. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण माझे डोळे भरले होते आणि ते यांच्यापैकी कुणाला कळलेलं मला चालणार नव्हतं.

"जा," साहेब म्हणाले.